एक फुटी पुतळीचा पोशाख आणि चिकित्सक गिऱ्हाईक

सुताचे भाव, पॉवरलूमचे वीजबिल, जीएसटीचे फॉर्म अशा विषयांची या पानाच्या वाचकांना सवय आहे. आज आम्ही ज्या मालाविषयी लिहीत आहोत त्याचे नाव ऐकून काही बंधूंना हसू येईल. हा माल म्हणजे सुपरमॅन, बॅटमॅन अशा सिनेमातील सुपरहिरोंची एक फूट उंचीची पुतळी. बाजारात तिला ॲक्शन फिगर म्हणतात. चांगल्या प्रतीच्या एका नगाची किंमत परदेशात साधारण अडीचशे ते तीनशे डॉलर असते. भाडे आणि जकात भरून ती आपल्याकडे येईपर्यंत पंचवीस-तीस हजार रुपयांच्या घरात, कधी त्याहूनही वर जाते. घेणारी मुले नसतात. कमावती, शिकली-सवरलेली, तीस-चाळीस वर्षांची माणसे असतात. ती पुतळीशी खेळत नाहीत. काचेच्या कपाटात ठेवतात आणि तिच्या बारीकसारीक गोष्टींवर आपसात तासन् तास वाद घालतात.

या शौकिनांना संग्राहक म्हणतात. त्यांचे वाद आम्ही कापडवाल्याच्या कानाने ऐकले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या वादाचा मोठा भाग कापडाचा, रंगाचा आणि शिलाईचा आहे. म्हणजे जळगावच्या फुले मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर आपण आयुष्यभर जी बोली बोलत आलो, तीच ही बोली आहे. म्हणून हा विषय आपल्या दर्जी, जरीकाम करणाऱ्या आणि कापडवाल्या बंधूंपुढे मांडत आहोत. पुतळ्यांच्या व्यापाराबद्दल दीनी दृष्टीने ज्यांना प्रश्न असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आमचे बोलणे कापडाचे आणि हुनराचे आहे.

ही पुतळी आली कोठून

१९६४ साली अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने जी.आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. उंची सुमारे बारा इंच, हलणारे सांधे आणि अंगावर खऱ्या कापडाचा गणवेश. मुलगे बाहुली घेणार नाहीत हे कंपनीला माहीत होते. म्हणून बाहुली हा शब्दच टाळला आणि ॲक्शन फिगर हे नवे नाव दिले. नाव बदलताच माल मुलग्यांच्या दुकानात गेला.

या सैनिकाच्या उजव्या अंगठ्याचे नख उलट्या बाजूला होते. साच्यातील ही चूक कंपनीने मुद्दाम तशीच ठेवली. कोणी नक्कल केली तर चुकीसह नक्कल होईल आणि चोरी पकडली जाईल, असा त्यामागे हिशेब होता. कापडाच्या किनारीत गिरण्या आपली खूण विणत, तसाच हा प्रकार. या सैनिकाचा हाताने केलेला पहिला नमुना २००३ साली लिलावाच्या मार्गाने २ लाख डॉलरला गेला.

१९६६ साली आयडियल कंपनीने कॅप्टन ॲक्शन काढला. त्याची खुबी अशी, की पुतळी एकच, मात्र पोशाख वेगवेगळे विकत मिळत. सुपरमॅनचा चढवला की सुपरमॅन, बॅटमॅनचा चढवला की बॅटमॅन. अर्थात पुतळी एकदा विकली जाई आणि कापड पुन्हा पुन्हा. १९७२ पासून मेगो कंपनीने आठ इंची सुपरहिरो काढले. त्यांनाही कापडी पोशाख होते. सुरुवातीच्या बॅटमॅनचा मुखवटा काढता येत असे, पुढे तो डोक्यावरच रंगवून येऊ लागला. आज काढत्या मुखवट्याचा नग संग्राहक जास्त दाम देऊन घेतात. एवढ्याशा फरकाने किमतीत अंतर पडते.

आजच्या महागड्या पुतळ्यांत २००० साली सुरू झालेल्या हाँगकाँगच्या हॉट टॉइज या कंपनीचे नाव पुढे आहे. तिच्या पुतळ्या माणसाच्या एकषष्ठांश मापाच्या असतात. चेहरा नटाचा हुबेहूब, तीसहून अधिक ठिकाणी हलणारे सांधे, काही नगांत डोळ्यांची बुबुळेही फिरवता येतात, आणि अंगावर मापाने शिवलेला पोशाख.

वाद कशावर होतात

पहिला वाद मापाचा. १९७८ च्या सुपरमॅन सिनेमातील नट ख्रिस्तोफर रीव्ह यांची उंची ६ फूट ४ इंच, म्हणजे ७६ इंच. सहाने भागले की १२.६७ इंच, सुमारे ३२ सेंटिमीटर. पुतळी ३० सेंटिमीटर भरली तर संग्राहक म्हणतो, हा सुपरमॅन नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. तो पट्टी लावून मोजतो. खांदे रुंद हवेत की अरुंद, मान किती लांब, हाताचा पंजा मोठा झाला का, यावर छायाचित्रे शेजारी ठेवून चर्चा होते.

दुसरा वाद पोशाखाच्या तपशिलाचा. १९७८ च्या सुपरमॅनच्या लाल झग्यावर पाठीमागे पिवळे चिन्ह होते. २०१३ च्या सिनेमातील झग्यावर ते नव्हते. त्याच सिनेमात पोशाखावरची प्रसिद्ध लाल चड्डीही काढून टाकली होती. चित्रकथांत ती २०११ साली गेली होती आणि २०१८ साली परत आली. २०२५ च्या सिनेमात ती पडद्यावरही परत दिसली. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल. मात्र आपल्याकडे शेरवानीचा गळा बंद हवा की उघडा, लुगड्याचा काठ दोन बोटे की तीन बोटे, यावर लग्नघरात जे रणकंदन होते ते आठवा. गिऱ्हाइकाला ज्या गोष्टीची ओढ असते तिचा तपशील त्याला लहान वाटत नाही.

तिसरा वाद झग्याचा. सिनेमात सुपरमॅनचा झगा वाऱ्यावर लाटेसारखा हलतो. पुतळीचा झगा मात्र पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो. म्हणून कंपन्या कडेच्या शिलाईत बारीक तार घालतात, म्हणजे झगा हवा तसा वाकवून ठेवता येतो. एक पक्ष म्हणतो तार हवी. दुसरा म्हणतो, तारेने कडेला दोरी बांधल्यासारखे दिसते, त्यापेक्षा पातळ कापड सैल पडू द्यावे. हा वाद आजही मिटलेला नाही. कापडवाल्याच्या दृष्टीने यात मोठे गणित आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो.

माणूस सहा पट लहान झाला, कापड झाले नाही

सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आता समजा, १० काउंटच्या जाड सुताची जीन आहे. तिचे सूत जाडीने एकषष्ठांश करायचे आहे. काउंट किती लागेल? घाईत कोणी म्हणेल ६०. उत्तर चूक आहे. काउंट हा वजनावर ठरतो, आणि जाडी एकषष्ठांश झाली की तेवढ्याच लांबीच्या सुताचे वजन सहा गुणिले सहा, म्हणजे छत्तीस पटीने घटते. तेव्हा ३६० काउंटचे सूत लागेल. साध्या ६० काउंटच्या पॉपलीनची हुबेहूब छोटी नक्कल करायची तर २,१६० काउंट हवा. ढाक्याच्या जुन्या मलमलीच्या गोष्टी ऐकल्या असतील, पण हा आकडा त्या गोष्टींतही बसत नाही. म्हणजे खरे कापड त्याच्या मापात लहान होऊच शकत नाही.

मग चांगला कारागीर काय करतो? तो नक्कल करत नाही, डोळ्याला पटेल अशी निवड करतो. पुण्याला एका नातलग मुलाकडे अशी पुतळी आहे. तिच्या अंगावरील जीनवर आम्ही सूत मोजायची काच ठेवून पाहिली. ती जीन नव्हतीच. लॉनच्या जातीचे पातळ कापड घेऊन ते निळीच्या रंगात रंगवले होते आणि शिवणींवर रंग घासून फिका केला होता. हातभर अंतरावरून पाहिले तर पक्की जुनी जीन. हे काम यंत्राने केलेले नाही. कोणीतरी कापड हातात घेऊन, चुरगळून, उजेडात धरून निवडलेले आहे. आपल्याकडील कोणताही अनुभवी दुकानदार असे कापड थान उलगडून बोटांनी ओळखू शकतो.

सुपरहिरोचा अंगाला चिकटणारा पोशाख हे वेगळे प्रकरण. त्याला चारही बाजूंनी ताणले जाणारे होजियरी कापड लागते. जाड घेतले तर गुडघ्यात आणि कोपरात गाठोडे होते. पातळ घेतले तर आतील सांध्यांच्या खुणा बाहेर दिसतात. संग्राहकांची तक्रार नेहमी या दोनपैकी एक असते.

शिलाईचेही तसेच. चांगल्या शर्टाला इंचाला बारा टाके येतात. त्याच प्रमाणात पुतळीच्या शर्टाला बहात्तर हवेत. एवढे टाके घातले तर सुई कापड शिवणार नाही, पोस्टाच्या तिकिटासारखे भोके पाडून फाडून टाकील. म्हणून टाके शक्य तितके बारीक, धागा कापडाच्या रंगाचा आणि बाहेरून दिसणारी शिवण कमीत कमी, असा तोल साधावा लागतो. कड दुमडली तर ती दोरखंडासारखी जाड दिसते. म्हणून सिंथेटिक कापडाची कड गरम पात्याने बंद करतात, किंवा पातळ अस्तर लावून उलटवतात. शर्टाचे बटन साडेअकरा मिलिमीटरचे असेल तर पुतळीचे दोन मिलिमीटरचे, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढे. ते काजातून घालता येत नाही. वरून बटन टाकतात आणि आत दाबाचे बारीक बटन किंवा चिकटपट्टी लावतात. संग्राहक काजे मोजत नाही, पण कॉलर गळ्यापासून दूर उभी राहिली तर ती त्याला लगेच दिसते.

निळा, पण कोणता निळा

रंगावरील वाद सर्वांत लांबतो. १९७८ च्या सिनेमाचे पोशाख इव्हॉन ब्लेक या बाईंनी आखले होते. त्या काळी उडण्याची दृश्ये घेताना मागे निळा पडदा ठेवण्याची पद्धत होती. निळ्या पोशाखाचा नट निळ्या पडद्यापुढे उभा राहिला की पोशाखच गायब होण्याची भीती. म्हणून अशा दृश्यांसाठी पोशाखाच्या निळ्यात हिरवट झाक ठेवावी लागली. आता पुतळी करणाऱ्याने कोणता निळा घ्यावा? जमिनीवरच्या दृश्यातला की उडतानाचा? शिवलेल्या कपड्याचा की पडद्यावर दिसलेला? प्रत्येक संग्राहक आपल्या आठवणीतील निळा खरा मानतो.

ज्याने दुकानात ब्लाऊजपीस मॅचिंग केले आहे त्याला यात नवल वाटणार नाही. ट्यूबलाईटखाली जुळलेला रंग दाराबाहेर उन्हात वेगळा निघतो. म्हणूनच शहाणी बाई कापड घेऊन दारापर्यंत जाते. पुतळीचे छायाचित्र एका दिव्यात काढलेले, कपाटातील दिवा दुसरा आणि सिनेमातील प्रकाश तिसरा. अर्धे वाद या तीन उजेडांचे आहेत. रंगाचा हा स्वभाव गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगणारा दुकानदार पुढील भांडण टाळतो.

लाल रंगाची आणखी एक भीती आहे. लाल कापड वर्षानुवर्षे मऊ प्लास्टिकला चिकटून राहिले की रंग प्लास्टिकमध्ये उतरतो आणि तो डाग निघत नाही. म्हणून जाणते संग्राहक लाल पोशाखाच्या आत पारदर्शक पातळ कागद घालून ठेवतात. कापड पक्क्या रंगाचे आहे की नाही हे ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहण्याची आपली जुनी रीत येथेही तेवढीच उपयोगी आहे.

सर्वांत कडू तक्रार मात्र बनावटी चामड्याची आहे. अनेक सुपरहिरोंचे पोशाख वरून पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या रेग्झिनसारख्या कापडाचे असतात. दमट हवेत हा थर पाणी शोषून आतून तुटत जातो. काही वर्षांनी पोशाखाला भेगा पडतात आणि पापुद्रे गळू लागतात. पुतळी डब्यातून बाहेर काढली नसली तरी हे घडते. सोफ्याचे रेग्झिन असे उडालेले आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्याने तीस हजार मोजले त्याच्या मनाची स्थिती समजू शकते.

नमुना आणि माल

संग्राहकांची एक तक्रार तर थेट आपल्या मंडईतील आहे. पुतळी बाजारात येण्याच्या बरेच महिने आधी कंपनी तिची छायाचित्रे प्रसिद्ध करते आणि आगाऊ नोंदणी घेते. ही छायाचित्रे हाताने रंगवलेल्या उत्तम नमुन्याची असतात. खाली लहान अक्षरांत लिहिलेले असते, की प्रत्यक्ष मालात फरक पडू शकतो. माल आला की नमुना आणि लॉट शेजारी ठेवून तपासणी सुरू होते. भुवया जाड झाल्या, झग्याचे कापड हलके वापरले, बुटाची शिलाई वाकडी आली.

नमुना दाखवायचा एक आणि लॉट भरायचा दुसरा, या सवयीने कित्येक चांगल्या पेढ्यांचे नाव गेलेले आम्ही पाहिले आहे. साधे गिऱ्हाईक फसले तर गप्प बसते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जाते. संग्राहक गप्प बसत नाही. तो चार लोकांना पुराव्यासह सांगतो. असे गिऱ्हाईक तापदायक वाटते खरे, पण ज्याचे काम चोख आहे त्याची फुकट जाहिरात तेच करते.

आपल्या मुलखातील गोष्ट

हा सारा परक्या देशाचा मामला आहे असे कोणी समजू नये. १९८७ साली एमआरएफने हॅस्ब्रोच्या भागीदारीत फनस्कूल ही कंपनी सुरू केली. तिने आपल्या देशात जी.आय. जो चे पावणेचार इंची सैनिक बनवले. परदेशातून आलेल्या साच्यांत येथील प्लास्टिक आणि येथील रंग पडले. त्यामुळे काही सैनिकांचे कपडे मूळ मालाहून वेगळ्याच रंगांचे निघाले, काहींना एकाचे धड आणि दुसऱ्याचे डोके मिळाले. आपल्या मुलांनी ते मातीत खेळून टाकून दिले. आज अमेरिकेतील आणि युरोपातील संग्राहक हेच भारतीय नग शोधत असतात, कारण तसा रंग इतर कोठेही निघाला नाही. लिओ या भारतीय कंपनीने मॅटेलच्या परवान्यावर ही-मॅनच्या पुतळ्या आणि साडी नेसलेली बार्बी काढली. त्यांनाही असेच शौकीन आहेत.

आणि सुपरमॅन तर आपल्या शेजारीच येऊन गेला. धुळ्याहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या मालेगावात शेख नासिर यांनी आधी ‘मालेगाव के शोले’ आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ हे सिनेमे अगदी थोड्या पैशांत केले. सुपरमॅन झालेले शफीक शेख हे पॉवरलूमवर काम करणारे, अंगाने किडकिडीत. पुढे कर्करोगाने त्यांचे निधन झाले, अल्लाह त्यांना मगफिरत देवो. या सिनेमाच्या घडणीवर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला, आणि याच मंडळींच्या जीवनावरील ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी सिनेमा २०२५ साली देशभर प्रदर्शित झाला.

मालेगावच्या प्रेक्षकांनी त्या सुपरमॅनच्या कापडाचे सूत मोजले नाही. आपला माणूस उडतो आहे एवढे त्यांना पुरेसे होते. येथे गिऱ्हाइकांचे दोन प्रकार ध्यानात घ्यावेत. चाहता प्रेमापोटी उणीव माफ करतो. संग्राहक प्रेमापोटीच उणीव माफ करत नाही. दोघांनाही माल हवा असतो, मात्र दुसऱ्याकडून कारागिराला बारकाव्याचे वेगळे दाम मिळते.

दाम कोणाच्या खिशात जाते

आता मुद्द्याची गोष्ट. पुतळीतील बारकावा कारागीर घडवतो, पण किमतीतला मोठा हिस्सा ज्याच्या नावाचा मार्का आहे त्याच्याकडे जातो. सुपरमॅनचीच कहाणी पाहा. तो ज्यांच्या डोक्यातून निघाला ते जो शुस्टर आणि जेरी सीगल हे अमेरिकेतील दोन गरीब तरुण. शुस्टर यांचे वडील दर्जी होते. सीगल यांच्या वडिलांचे कपड्यांचे दुकान होते, आणि १९३२ साली त्याच दुकानात दरोडा पडला तेव्हा ते वारले. म्हणजे सुपरमॅन हा दर्जीच्या आणि कपडेवाल्याच्या घरचा. १९३८ साली या दोघांनी त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला विकून टाकले. पुढची अनेक वर्षे ते कोर्टकचेऱ्या करत राहिले. ज्या चेकने त्यांना हे पैसे मिळाले, तो चेक २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. हक्काचे १३० आणि त्या कागदाचे १ लाख ६० हजार. प्रत्येक कारागिराने ही कहाणी आपल्या मुलांना सांगावी.

याची दुसरी बाजूही आहे. छातीवरील ते चिन्ह दुसऱ्याच्या मालकीचे आहे. परवान्याशिवाय ते छापून, विणून किंवा भरतकाम करून विकणे हा गुन्हा आहे. ट्रेड मार्क्स ॲक्ट १९९९ च्या कलम १०३ प्रमाणे खोटा मार्का लावणाऱ्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. सगळे करतात म्हणून आपणही केले, हा बचाव कोर्टात चालत नाही, आणि आपल्या जमीरपुढेही चालू नये.

आपल्या कारागिरांसाठी वाट

संग्राहकांपैकी पुष्कळ जण कंपनीचा पोशाख काढून टाकतात आणि हाताने शिवलेला दुसरा चढवतात. कोणी धड एका ठिकाणाहून घेतो, डोके दुसरीकडून, बूट तिसरीकडून. एकषष्ठांश मापाचे कपडे शिवून त्यावर घर चालवणारे कारागीर परदेशात आहेत. त्यांतील बरेचसे काम कोणाच्याही मार्क्याशिवायचे असते. साधा कोट, पतलून, चामडी जाकीट, सैनिकी ओव्हरकोट. शेरवानी, पठाणी, अंगरखा, साफा, मोजडी हे तर आपल्या घरचे. जरी आणि आरीकामाचा ज्यांचा हात बारीक आहे त्यांनी विचार करावा. तयार कपड्यांनी आपल्या दर्जींचे काम किती ओढून नेले हे येथे सांगायची गरज नाही. डझनाच्या भावाने शिवणाऱ्याला मोठ्या कारखान्याशी टक्कर देता येत नाही. बारकाव्यात मात्र देता येते, कारण तेथे नग थोडे लागतात आणि नजर जास्त लागते.

सरकारी बाजूच्या काही गोष्टी माहीत असाव्यात. खेळण्यांवरील आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ साली ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून कारागीर ओळखपत्र जरूर काढावे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा धंद्यांत दर्जी आणि पारंपरिक बाहुली-खेळणी करणारे हे दोन्ही आहेत. कर्ज ५ टक्के व्याजाने आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको त्यांना प्रशिक्षण आणि १५ हजार रुपयांपर्यंतची अवजारे कर्जाशिवायही मिळू शकतात.

आणि आपला मार्का. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वांग्याला नाव मिळते, मग मास्तरांच्या हाताला का नसावे? एकट्या कारागिराला आपले नाव मार्का म्हणून नोंदवण्यासाठी ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे चालते.

ज्यांना हे काम जमेल की नाही असा प्रश्न पडला असेल त्यांनी एक शर्ट शिवून पाहावा. छाती ४० इंच असेल तर घ्या पावणेसात इंचाला किंचित कमी. लांबी ३० ची ५, बाही २४ ची ४, कॉलर १५ ची अडीच इंच. कापड दुकानातील सर्वांत पातळ लॉन, सुई सर्वांत बारीक, बटन मोहरीएवढे. तुकडा चिंध्यांच्या गाठोड्यातून निघेल, खर्च काही नाही. कॉलर गळ्याला नीट बसेपर्यंत दोन-तीनदा उसवावे लागेल. बसली की आतल्या बाजूला, किनारीपाशी, आपले नाव टाकायला विसरू नका.